पल्लाड कोनी शे का?

जेवायला बसलेला माणूस पहिला घास हातात घेऊन काय विचारतो? मीठ आहे का, फार तर ताक उरलंय का. आमचे पल्लाडबाबा विचारायचे, "पल्लाड कोनी शे का?" म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी उभं आहे का. मग कुणीतरी उठून घाटाच्या पायरीपर्यंत जायचं, तापीपलीकडे नजर टाकायची आणि परत येऊन सांगायचं, "कोनी नही." तेव्हा कुठे तो घास तोंडात जायचा. कुणी असलंच, तर भाकरी दुरडीत परत, आणि बाबा वल्हं खांद्यावर टाकून चालू पडायचे. त्यांचं खरं नाव गावात दोघातिघांनाच ठाऊक असेल. मलाही ते फार उशिरा कळलं.

मी प्रकाशा गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. पूल तेव्हा नव्हता. नंदुरबारहून येणारा माणूस तापीच्या दक्षिण काठाला येऊन थांबायचा आणि तोंडाला हात लावून ओरडायचा, "नाव होऽऽ!" आमच्या काठावरून बाबांचा जबाब जायचा, "उनू रे उनूऽऽ!" आलो, आलो. त्या जबाबाशिवाय नाव हलवायची नाही, असा त्यांचा नेम. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, हाक मारनारले कळाले जोयजे, आपलं आयकं कोनी तरी." माझं बिऱ्हाड त्यांच्या खोपटाला लागून होतं. त्यामुळे दिवसातून दहा वेळा हा "उनू रे" माझ्या कानावर आदळायचा. पहिल्या महिन्यात मी वैतागलो. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. पुढे तो आवाज ऐकल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखंच वाटेना.

मी तेव्हाही आळशी होतो, आताही आहे. आता निदान म्हातारपणाचं निमित्त तरी आहे. पण बाबांसाठी घाटापर्यंत चाळीस पावलं जाणं मला जिवावर यायचं, हे कबूल करतो. "बाबा, गरम भाकरी आहे, आधी खा की!" असं मी एकदा रागावून म्हणालो. ते हसले. "भाकर कोठे पळी जाई ऱ्हायनी? तठे मानूस उनमा हुभा शे." उन्हातला माणूस बघायला मी पुन्हा उठलो.

बाबांना एकच मुलगा, सुपडू. मी गावात येण्याच्या वर्षभर आधी तो घर सोडून गेला होता. त्याची गोष्ट मला गावाने सांगितली, बाबांनी नाही. सुपडूची आई तापाने पडली होती. पाचव्या दिवशी दुपारी तिने बाबांचा हात धरून ठेवला होता म्हणे. तेवढ्यात पलीकडून हाक आली. शहाद्याच्या बाजाराला निघालेले चार लोक होते; तासभर थांबले असते तर त्यांचं काही बिघडणार नव्हतं. बाबांनी हात सोडवून घेतला आणि गेले. चौघांना घेऊन ते या काठाला लागले, तेव्हा सुपडू घाटावर उभा होता. आई गेली होती. दहावा झाला, आणि त्याच दिवशी सुपडू नदी उतरून गेला. त्याला पलीकडे सोडलं ते बाबांनीच.

दोन वर्षांनी एक सुकटवाली आली. दर हिवाळ्यात ती सुरतेकडून सुके बोंबील, सुकट घेऊन आठवडेबाजार फिरायची. तिने सांगितलं, की समुद्राकाठच्या अमुक गावात तुमच्याकडचा एक पोऱ्या मच्छीमारांच्या जहाजावर आहे, बोलणं तुमच्यासारखंच. बाबांनी तिच्याकडून तीनतीनदा ते गाव वदवून घेतलं आणि थेट माझ्या दारात आले. "मास्तर, तुम्हले गुजराती येस ना? मन्हासंगे चला." माझी गुजराती म्हणजे दुकानाच्या पाट्या वाचण्याइतकी. पण शाळेला दिवाळीची सुट्टी होती आणि मी समुद्र कधी पाहिला नव्हता. बाबांचे हात वर्षभरात फार थकले होते. अर्ध्या नदीत ते वल्हं आडवं टाकून दम खायचे. नाव पुतण्याच्या हाती द्यायची वेळ आली होती. पण वल्हं सुपडूच्या हातात दिल्याशिवाय मरायचं नाही, एवढं एकच त्या माणसाच्या डोक्यात होतं. मला नाही म्हणवलं नाही.

बैलगाडीने नंदुरबार, तिथून गाडीने सुरत, पुढे दुसऱ्या गाडीने एक लहानसं ठेसन, आणि तिथून पायी. अहो, किती पायी! झाड नाही, झुडूप नाही, नुसती पांढरी खारट माती. माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. बाबा पुढे आणि मी मागे कुरकुरत. दुपार कलताना ते गाव आलं. वीस-पंचवीस झोपड्या, एक विहीर, बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यांचा असा वास, की मी बाईमाणूस असतो तर पदर नाकाला लावला असता. कुठे आवाज नाही. पुरुष सगळे समुद्रावर. दोनचार बाया मासळी उलटीपालटी करत होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. इतकं शांत गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

बाबा सरळ पाण्यापाशी गेले. कुठलंही पाणी भेटलं की आधी ओंजळभर तोंडात घ्यायचं, ही त्यांची रीत. घेतलं आणि थुंकले. मला वाटलं, आता काहीतरी शिवी येणार. पण ते जरा वेळ समुद्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आपलीच तापी ना ही, मास्तर? चाली चाली तिले घाम उना व्हई." तापी तिथून बरीच वर, सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे मी शाळेत नकाशावर शिकवत होतो. पण तिथे ते सांगावंसं वाटलं नाही. माझेही पाय तसेच घामेजले होते.

सुपडू ज्या जहाजावर होता ते एका म्हाताऱ्या कोळिणीच्या मुलाचं. तिला सगळे डोशीमा म्हणत. तिने आम्हाला झोपडीच्या पडवीत जागा दिली आणि सांगितलं, जहाज दोनतीन दिवसांत परतेल. "आवशे, भाई, आवशे," येईल, येईल, एवढं तिचं दर वाक्याच्या शेवटी. मग तिने तांदळाची भाकरी आणि कालवण पुढे ठेवलं. मी सकाळपासून उपाशी. हात धुवून बसलोच. बाबांनी घास मोडला, हातात धरला आणि विचारलं, "पल्लाड कोनी शे का?"

मी वर पाहिलं. समोर नुसतं पाणी. ते पार आभाळापर्यंत गेलं होतं. "बाबा," मी म्हणालो, "इथे पल्लाड नाहीच." त्यांना ते समजेना. ते उठून उभे राहिले. कपाळावर हात धरून डावीकडून उजवीकडे बघत गेले. तेव्हाच त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरू लागली होती, त्यामुळे त्यांना वाटलं काठ आहे, आपल्यालाच दिसत नाही. "नीट देखा, मास्तर. काठ नही आसं पानी ऱ्हास का कधी?" मी नीट पाहिलं. नव्हता काठ. बाबा खाली बसले, घास पानात ठेवला आणि हात पुसले. माझा घास माझ्या हातातच राहिला. मला त्यांचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

डोशीमाने विचारलं, काय झालं? मी मोडक्या गुजरातीत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, आमची सगळी माणसं तिकडेच आहेत, आम्ही वाट बघत उपाशी बसलो तर जहाज आल्यावर दोर ओढायला ताकद कोणाच्या हातात राहील? इथे बाया आधी जेवतात. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी बराच विचार केला आणि अर्धी भाकरी खाल्ली. पण खाताना मान पाण्याकडेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं, ते आठवलं की अजून मला हसू येतं आणि अंगही दुखतं. आम्ही पाहिलं तर समुद्र मागे गेलेला. काल जिथे पाणी होतं तिथे चिखल, आणि डोशीमाची लहान होडी त्या चिखलात एका कुशीवर कलंडलेली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. "मास्तर, पानी उतरी गयं! नाव कोरडी पडनी. उनमा फळी तडकी जाई." तापीवर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते पुन्हा पावसाळ्यापर्यंत येत नाही. नाव तशीच उन्हात राहिली तर तिच्या फळ्या फाटतात, म्हणून जो कुणी पाहील त्याने ती ओढून पाण्याला लावायची, मग ती कुणाची का असेना. हा सगळ्या तापीकाठचा रिवाज. बाया विहिरीवर गेल्या होत्या. "ह्या लोक नावनी काळजीच करतस नही," असं पुटपुटत बाबांनी दोर सोडला, दोन ओंडके शोधून आणले आणि मला म्हणाले, "धरा."

मी शाळामास्तर, धोतर वर खोचून, गुडघाभर चिखलात! ओंडका मागून काढायचा, पुढे घालायचा आणि ढकलायचं. दोन वेळा मी तोंडावर आपटलो. दीड तास गेला. अखेर होडी पाण्याला लागली. बाबांनी तिचा बांबू वाळूत हातभर रोवला, त्याला आपल्या सवयीच्या गाठीने दोर बांधला, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, थापटलं आणि वर येऊन पडवीत आडवे झाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिलं. मीही आडवा झालो. अंग इतकं शिणलं होतं की डोळा कधी लागला ते कळलं नाही.

डोशीमाच्या ओरडण्याने जाग आली. दुपार होऊन गेली होती. भरतीने होडी उचलली होती, बांबू उपटला होता, होडी खाडीत फिरत राहिली आणि ओहोटीबरोबर बाहेर समुद्रात गेली. आम्हाला दिसला तो लांबवर एक काळा ठिपका. "अरे काका, पाणी तो पाछुं आवशे!" डोशीमा कपाळावर हात मारून म्हणत होती. पाणी परत येतंच! मी ते बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, "परत येस? गयेल पानी परत येस?" रोज दोनदा येतं, मी म्हणालो. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस! त्याचं तोंड बघवत नव्हतं. शिव्या मला पडल्या, कारण समजत मलाच होत्या. बाबा रात्री जेवले नाहीत. डोशीमानेच शेवटी कुरकुरत त्यांच्यापुढे पेजेचं भांडं आपटलं. तेही तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज आलं. त्याच्या मागे दोराने बांधलेली डोशीमाची होडी! बाया आनंदाने ओरडल्या. जहाजावरून एक काळाभोर उंच पोरगा उडी मारून कंबरभर पाण्यातून चालत आला. डोशीमाला काही न विचारता तो सरळ पडवीकडे वळला. होडी समुद्रात सापडली तेव्हा वाळूतला बांबू तिला तसाच लटकलेला होता, आणि त्यावर दोराची गाठ तापीवरची होती. तशी गाठ या काठाला दुसरं कुणी मारत नाही. सुपडूला तेव्हाच कळलं होतं, बाप आलाय.

मी उठून दूर जायला हवं होतं. गेलो नाही. बाबा म्हणाले, "घर चाल." सुपडू उभाच होता. अंगावरून पाणी गळत होतं. "कोनासाठे?" त्याने विचारलं. मग सुपडूच पुढे बोलला, अगदी हळू, "जो हाक मारे तेनाकडे तू गया. मन्ही मायनी कधी हाक मारी नही. ती नुसता हात धरी बठेल व्हती." बाबांनी मान खाली घातली. "खरं शे," म्हणाले. "दुन्यानं आयकं. घरनं नही आयकं." एवढंच. माफी वगैरे शब्द त्यांच्याकडे नव्हते. माझ्याकडे होते, पण ते माझे काय कामाचे?

सुपडू आला नाही. पण आम्हाला ठेसनापर्यंत पोचवायला आला आणि बाबांचं गाठोडं सगळी वाट त्यानेच घेतलं. गाडी यायच्या वेळी बाबा म्हणाले, "येशी तव्हय पल्लाडतून हाक मार. मी इसु." सुपडूने मान हलवली. "हाक मी मारनार नही. मायना सारखा बठी ऱ्हासु." त्यात राग होता, की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही. बाबांना कळलं असावं. गाडीत बसल्यावर कितीतरी वेळाने ते मला म्हणाले, "मास्तर, आते हाकवर भरोसा नही. आते देखनंच पडी."

त्यानंतर तो प्रश्न बदलला. शब्द तेच, "पल्लाड कोनी शे का?" पण आधी ती रीत होती, आता ते दिवसातून दोनदा खरंच विचारत होते. नाव पुतण्या चालवू लागला. तो हाक आली तरच जायचा. बाबांच्या डोळ्यांना घाटाची खालची पायरीसुद्धा दिसेनाशी झाली. मग पाहायचं कुणी? मी. मी जायचो, पलीकडच्या निंबाखाली नीट बघायचो, कुणी हाक न मारता बसलंय का, आणि येऊन सांगायचो. तीन वर्षं मी हे केलं. रोज केलं असं म्हणायचा मोह होतो, पण मी थकलेला आणि आता खोटं बोलायचाही कंटाळा आलेला माणूस आहे. म्हणून पुढचं लिहितो.

भाद्रपद होता. नदी भरून चालली होती. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती आणि माझ्यापुढे हजेरीची बुकं पसरलेली. डोकं उठलं होतं. शेजारून बाबांचा आवाज आला, "मास्तर, पल्लाड कोनी शे का?" मी उठलो नाही. बसल्या जागेवरून ओरडलो, "कोणी नाही, बाबा. जेवा तुम्ही." माझ्या दारातून नदी दिसत नाही. भिंतीपलीकडून भाकरी मोडल्याचा आवाज आला. मी पुन्हा बुकात डोकं घातलं.

तिसऱ्या प्रहरी पुतण्याची नाव पलीकडच्या उतारूंना घेऊन आली. तिच्यात सुपडू होता. पुतण्या सांगत आला, "हाऊ सकायपासून निंबखाले बठेल व्हता, आवाज म्हनीसन दिधा नही!" सुपडू ओट्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा उन्हाने उतरलेला, ओठ सुकलेले. बाबांनी पावलांवरूनच ओळखलं. त्यांचा हात आधी गेला तो शेजारच्या रिकाम्या दुरडीकडे.

"कव्हयपासून बठेल व्हता?" त्यांनी विचारलं.

"सकायपासून."

"तू तठे बठेल व्हता," बाबा म्हणाले, "नि मी आठे जेवी लिधं."

"बा, मी हाक मारी नही ना."

"तुन्ही मायनी बी नव्हती मारी."

सुपडू खाली बसला. त्याने बापाचा हात धरला. मग त्याने विचारलं, अगदी सहज, आरोप म्हणून नाही, "तुले कोनी सांगं नही का, पल्लाड मानूस शे म्हनीसन?"

मी दारात उभा होतो, हातात शाईचा टाक. बाबांनी माझ्याकडे तोंड केलं. त्या डोळ्यांना मी दिसत नव्हतो, पण मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं.

"आज मी इचारंच नही," बाबा म्हणाले.

मी टाकाची शाई पुसत राहिलो. सुपडूने खालमानेने "हं" केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वल्हं हातात घेतलं आणि पहिल्या हाकेला "उनू रे उनूऽऽ" म्हणून जबाब दिला. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते पुढे दोन महिने जगले, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी मला एकदाही घाटावर पाठवलं नाही. विचारायचे, पण सुपडूला. माझ्याशी पूर्वीसारखंच गोड बोलायचे. तेच मला सोसवेना. वर्ष संपताच मी बदली मागून घेतली.

त्याला किती वर्षं झाली, मोजत नाही. सुपडू अजून तापीवर आहे, असं कुणीतरी म्हणालं. मला वाचता-लिहिता येतं, त्याला येत नाही. तेव्हा हे कुणी वाचून दाखवलं तरच त्याला कळेल. दाखवावं.

सुपडू, तुझ्या बापाने विचारलं होतं. मी पाहिलं नाही.